आधी श्वासाची पिशवी, मग दुर्बीण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पोटात जळजळणं हा आजार समजला जात नाही. जांबोटी असो, नंदगडचा बाजार असो की लोंढ्याचं स्टेशन, मेडिकलच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ एवढं म्हटलं की काम भागतं. दुकानदार पॅन्टोप्रॅझोलच्या पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून देतो, त्या सकाळी उपाशीपोटी घेतल्या की दोन दिवसांत बरं वाटतं, आणि महिन्याभराने तेच चक्र पुन्हा फिरतं. लावणीच्या दिवसांत कंबर धरली की त्याच दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी येते, तिने पोट बिघडलं की परत पित्ताची. यात गोळीचा दोष नाही. पॅन्टोप्रॅझोल हे उत्तम औषध आहे आणि योग्य जागी त्याने जीव वाचले आहेत. अडचण अशी, की गोळीने आम्ल कमी होतं, आम्ल कमी झालं की दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की ते कशामुळे होतं हे विचारायचं राहून जातं. काही जणांच्या बाबतीत त्यामागे एक जंतू असतो. तो लहानपणीच पोटात शिरलेला असतो, उपचार झाले नाहीत तर बहुधा जन्मभर मुक्काम ठोकतो, आणि थोड्या लोकांच्या जठरात हळूहळू असे बदल घडवतो की त्यांची शेवटची पायरी कर्करोगाची असते. माझं म्हणणं एवढंच आहे: महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या अशा तालुक्याने जपान-कोरियासारखी सरसकट दुर्बीण तपासणी मागू नये. त्याने जंतूची साधी तपासणी मागावी, पुरते उपचार मागावेत आणि जंतू गेल्याची खात्री मागावी. दुर्बीण ज्याला खरोखर लागते त्याच्यासाठी ठेवावी, पण एकदा ती पोटात घातली की काम अर्धवट सोडू देऊ नये.

जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे जंतू तगणारच नाहीत, असं वैद्यकशास्त्र फार काळ धरून चाललं होतं. अल्सर म्हणजे काळजी, तिखट आणि जागरण, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट १९७९ पासून जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत वळणदार जंतू पाहत होते. सहकाऱ्यांना त्यात फारसा रस नव्हता. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू दिसला. तो फक्त सावकाश वाढणारा होता. तरीही कोणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठर सुजलेलं. (हा प्रकार कोणत्याही नैतिकता समितीने मान्य केला नसता, म्हणूनच बहुधा त्यांनी विचारलं नाही.) १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरीला, माणसात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. २००५ मध्ये मार्शल आणि वॉरन यांना नोबेल मिळालं.

आम्लात हा जंतू तगतो तो त्याच्या एका विकरामुळे. जठरात थोडाफार युरिया असतो. जंतूचं युरिएज हे विकर तो फोडून अमोनिया तयार करतं, आणि अमोनिया त्याच्याभोवतीचं आम्ल मारतो. मग शेपट्या हलवत जंतू जठराच्या चिकट आवरणात शिरतो आणि पेशींना चिकटून बसतो. त्याचे काही वाण कॅगए नावाचं प्रथिन सुईसारख्या नळीतून थेट पेशीत सोडतात. असे वाण जास्त उपद्रवी. तो पसरतो तोंडातून तोंडात, ओकारीतून, विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, आणि मुख्यतः घरातल्या घरात, पहिल्या काही वर्षांत. एका खोलीत झोपणारं मोठं कुटुंब, घास चावून बाळाला भरवणारी आजी, सगळ्यांचा एक तांब्या, हे त्याला पुरतं. जगात निम्म्याच्या आसपास माणसांत तो सापडत आला आहे; भारतातल्या बहुतेक पाहण्यांत हे प्रमाण निम्म्याहून वरच निघालं आहे. म्हणजे खानापूरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या दोन प्रौढांपैकी एकाच्या पोटात तो असेल असं धरायला हरकत नाही. आणि त्यातल्या बहुतेकांना तो कधीच काही करणार नाही. शंभर बाधितांपैकी दहा-पंधरांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, एक ते तिघांना कर्करोग. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यावरच उभा आहे.

कर्करोग एका रात्रीत होत नाही, हे सर्वात स्पष्टपणे मांडलं ते कोलंबियातले पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेया यांनी, १९७५ पासून. जंतू आधी जठराला कायमची सूज आणतो. वर्षानुवर्षं ती सूज राहिली की आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झडू लागतात आणि अस्तर पातळ होतं. रिपोर्टात त्याला अॅट्रॉफिक गॅस्ट्रायटिस लिहितात. मग काही ठिकाणी जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात, भाताच्या वाफ्यात मध्येच नाचणीची ताटं उभी राहावीत तशा. ही इंटेस्टायनल मेटाप्लेझिया. त्यापुढची पायरी डिसप्लेझिया, जिथे पेशींची ठेवणच बिघडते, आणि तिच्यापुढे कर्करोग. या सगळ्याला वीस-तीस वर्षं लागू शकतात, आणि बहुतेक माणसं मधल्याच एखाद्या पायरीवर थांबतात. यात एक गंमत आहे, वैऱ्याची गंमत म्हणू. ग्रंथी झडल्या की आम्ल कमी होतं, आणि आम्ल कमी झालेल्या जठरात या जंतूलाच राहता येत नाही. त्यामुळे बदल पुढे गेलेल्या माणसाच्या तुकड्यात जंतू सापडतोच असं नाही. ‘जंतू नाही’ एवढं वाचून निश्चिंत होणं त्या माणसाला महागात पडू शकतं. आणि जळजळ थांबणं हीही काही वेळा सुधारणा नसते. आम्ल बनवणारंच उरलं नाही तर जळजळ कुठून होणार?

‘कर्करोगपूर्व बदल’ हा शब्द रिपोर्टात दिसला की घरात रडारड सुरू होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. नेदरलँड्समध्ये असे बदल सापडलेल्या ९२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या पाच वर्षांत दरवर्षी किती जणांना कर्करोग होतो, हे त्यात मोजलं होतं. अॅट्रॉफी असलेल्यांत हजारी एक, मेटाप्लेझिया असलेल्यांत चारशेंत एक, सौम्य ते मध्यम डिसप्लेझियात हजारी सहा, आणि तीव्र डिसप्लेझियात मात्र शंभरी सहा. म्हणजे एकाच शीर्षकाखाली येणाऱ्या पायऱ्यांत साठपट अंतर आहे. मेटाप्लेझियाचा रिपोर्ट म्हणजे मृत्यूची नोटीस नव्हे. ती पुढच्या तपासणीची तारीख आहे. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बदल जठराच्या एकाच भागात आणि थोडे असतील तर बहुतेकांना पुन्हा दुर्बिणीची गरज नसते, पसरलेले असतील तर दर तीन वर्षांनी पाहावं, आणि घरात आई-वडील किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झालेला असेल तर आणखी दक्ष राहावं. तीव्र डिसप्लेझिया मात्र थांबण्याची गोष्ट नाही.

आता जपान आणि कोरिया. जपानमध्ये जठराचा कर्करोग अनेक दशकं सर्वात जास्त बळी घेणारा कर्करोग होता. १९६० च्या सुमाराला तिथे बेरियम पाजून एक्स-रे काढणाऱ्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या, १९८३ पासून हा देशव्यापी कार्यक्रम झाला आणि गेल्या दशकात त्यात दुर्बीण आली. २०१३ मध्ये जपानने आणखी एक पाऊल टाकलं: जंतूमुळे नुसती सूज असली तरी त्याच्या उपचाराचा खर्च विम्यातून मिळू लागला. कोरियात चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी दुर्बीण किंवा बेरियम तपासणीची सोय सरकार देतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियन अभ्यासात दुर्बीण तपासणी केलेल्यांत या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं दिसलं. बेरियमचा मात्र उपयोग फारसा दिसला नाही. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगलेले कोरियात शंभरी ६९, जपानमध्ये ६०. भारतातल्या मोजक्या नोंदणी केंद्रांचा आकडा दहाच्याही आत. हा फरक औषधांचा नाही. तिथे गाठ अस्तरापुरती असताना सापडते आणि पुष्कळदा दुर्बिणीतूनच सोलून काढता येते. आपल्याकडे माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याचं अन्न पुढे सरकत नसतं, वजन उतरलेलं असतं आणि काळी शौच होऊन रक्त कमी झालेलं असतं.

मग आपणही तेच का करू नये? कारण आकडे आपल्या बाजूने नाहीत, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. वयाचा फरक वजा केला तरी जपानमध्ये हा कर्करोग भारताच्या पाच-सहापट आहे. जंतू इतका पसरलेला असूनही भारतात कर्करोग कमी, या कोड्यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं डोकं खाजवत आहेत. एक उत्तर वाणांत आहे: भारतातल्या जंतूंचं कॅगए बहुधा युरोपीय वळणाचं असतं, पूर्व आशियातलं जास्त जहाल. आहार, खारवलेल्या आणि धुरात वाळवलेल्या अन्नाचं प्रमाण, आनुवंशिकता, हीही कारणं सांगितली जातात. तरीही ‘भारतात कमी’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. मिझोराममध्ये ऐजॉलची नोंद देशात सर्वात वरच्यांत असते, मुंबई-पुण्याच्या कित्येक पट. तिथे धुरावर वाळवलेलं मांस आणि तंबाखूच्या धुराने भारलेलं पाणी तोंडात धरण्याची रीत आहे. दक्षिणेत बेंगळुरू आणि चेन्नई इथले आकडेही मुंबईहून वर राहत आले आहेत. शिवाय कमी प्रमाण आणि मोठी लोकसंख्या यांचा गुणाकार लहान नसतो: देशात वर्षाला साठ हजारांहून अधिक लोकांना हा कर्करोग होतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार २००८ ते २०१७ या काळात जन्मलेल्यांपैकी भारतात सोळा लाखांहून अधिक जणांना आयुष्यात कधीतरी जठराचा कर्करोग होईल, चीनच्या खालोखाल, आणि जगभरात अशा रुग्णांपैकी तीन-चतुर्थांश केवळ या जंतूमुळे असतील. ती मुलं आज शाळेत आहेत. हे टाळण्यासारखं आहे, पण प्रत्येकाच्या घशात दुर्बीण घालून नव्हे. हजारो निरोगी माणसांना झोपवून एखादा रुग्ण शोधायचा, त्यासाठी डॉक्टर आणि यंत्रं अडकवायची, आणि रक्ताची उलटी झालेल्याने रांगेत थांबायचं, हा हिशोब आपल्याला परवडत नाही आणि शहाणपणाचाही नाही.

परवडतं ते जंतूला गाठणं, आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या लिंछू या तालुक्यात, जिथे हा कर्करोग फार होता, १९९५ मध्ये बाधित लोकांना फक्त दोन आठवडे औषध दिलं. बावीस वर्षांनी पाहिलं तेव्हा औषध घेतलेल्यांत कर्करोगाचं प्रमाण निम्म्यावर आलेलं होतं. त्याच देशातल्या फुजियान प्रांतातला अभ्यास २००४ मध्ये आला, आणि तो जास्त बोलका आहे. सोळाशेवर बाधितांना साडेसात वर्षं पाहिलं. एकूण गटात फरक ठरण्याजोगा नव्हता, पण उपचारापूर्वी ज्यांच्या जठरात अॅट्रॉफी किंवा मेटाप्लेझिया नव्हती त्यांच्यात औषध घेतलेल्या एकालाही कर्करोग झाला नाही, न घेतलेल्या सहा जणांना झाला. म्हणजे वेळ महत्त्वाची. अस्तर बदलण्याआधी जंतू काढला तर लाभ मोठा. नंतर काढला तर अॅट्रॉफी थोडी भरून येते, मेटाप्लेझिया फारशी हटत नाही, आणि म्हणून पाहत राहावं लागतं. तिसरं उदाहरण खानापूरला सर्वात जवळचं वाटतं. तैवानच्या अखत्यारीतली मात्सू नावाची बेटं आहेत, मासेमारीची, तैवानच्या मुख्य बेटापासून दूर. तिथे २००४ पासून लोकांची श्वास-तपासणी करून बाधितांना औषध दिलं गेलं, सहा फेऱ्यांत. जंतूचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं आणि कर्करोगाच्या नव्या रुग्णांत ५३ टक्क्यांची घट झाली.

श्वासाची तपासणी म्हणजे काय, हे एकदा नीट सांगायला हवं, कारण ऐकून लोकांना ती खरी वाटत नाही. माणसाला उपाशीपोटी खूण केलेल्या कार्बनचा युरिया पाण्यातून किंवा कॅप्सूलमधून देतात. जठरात जंतू असेल तर त्याचं युरिएज तो फोडतं आणि खुणेचा कार्बन वायू होऊन रक्तातून फुप्फुसात येतो. अर्ध्या तासाने माणूस पिशवीत फुंकर मारतो, आणि पिशवीतल्या हवेवरून उत्तर मिळतं. सुई नाही, भूल नाही. किरणोत्सारी नसलेल्या कार्बन-१३ चा नमुना काही दिवस टिकतो, म्हणजे पिशवी गावात भरून बेळगावला पाठवता येते. भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवळी, पास्तोली, कोंगळा ही गावं पावसाळ्यात तुटतात, रुग्णाला डोलीत घालून आणावं लागतं. अशा ठिकाणी माणसाऐवजी पिशवी प्रवास करू शकते, हे लहान नाही. शौचाच्या नमुन्यात जंतूचा अंश शोधणारी तपासणीही तितकीच भरवशाची आणि सहसा स्वस्त. क्षयाच्या थुंकीच्या डब्या प्राथमिक केंद्रातून पुढे जातातच. त्यांच्यासोबत आणखी एक डबी गेली तर यंत्रणा मोडून पडणार नाही. रक्तातली प्रतिपिंडं पाहणारी चाचणी मात्र टाळलेली बरी: ती जुना संसर्ग आणि आताचा यांत भेद करत नाही. आणि एक अट सर्वांना लागू: पित्ताची गोळी दोन आठवडे, अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं. नाहीतर जंतू असूनही तपासणी ‘नाही’ म्हणते. ज्या तालुक्यात ती गोळी घरोघरी आहे, तिथे ही अट सांगितली नाही तर अख्खा कार्यक्रम वाया जाईल.

ही तपासणी कोणासाठी? महिनोन् महिने अपचन, पोट गच्च, जेवणानंतर दुखतं अशी तक्रार असलेले तरुण आणि मध्यमवयीन; आधी अल्सर झालेले; सांधेदुखीच्या गोळ्या किंवा अॅस्पिरिन कायम घ्यावी लागणारे; रक्त कमी असून कारण सापडत नाही असे; आणि ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे ते. या शेवटच्या गटाविषयी कोरियातला २०२० चा अभ्यास स्पष्ट आहे: जंतू काढल्यावर त्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. याउलट, वजन उतरणं, गिळायला अडचण, सततच्या उलट्या, डांबरासारखी काळी शौच, पोटात गोळा लागणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं अपचन असेल तर पिशवीत फुंकत बसू नये, सरळ दुर्बीण करावी. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. कणकुंबीकडच्या लोकांना गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालयही चालतं. सोय दूर नाही.

दुर्बिणीची भीती मात्र दूर आहे असं म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात घडतं ते असं: घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपणं, दातांत प्लास्टिकची कडी, आणि करंगळीएवढी नळी. ओकारीसारखं होतं, डोळ्यांतून पाणी येतं, पाच-दहा मिनिटांत संपतं. नळीतूनच बारीक चिमटा जातो आणि तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा घेतो. तुकडा घेतलेला कळतही नाही. एक तुकडा पिवळ्या पट्टीत टाकला की जंतू असल्यास ती काही वेळात गुलाबी होते. आणि इथेच बहुतेक ठिकाणी काम थांबतं. पट्टी गुलाबी झाली, ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ असं लिहिलं, चौदा दिवसांचं औषध दिलं, संपलं. मेटाप्लेझिया अशी सापडत नाही, कारण ती ठिपक्याठिपक्यांनी पसरते आणि डोळ्यांना पुष्कळदा दिसत नाही. त्यासाठी सिडनी पद्धत म्हणून पाच ठिकाणचे तुकडे सुचवलेले आहेत: जठराच्या खालच्या भागातून दोन, वळणावरून एक, वरच्या भागातून दोन, आणि वरचे-खालचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत. पॅथॉलॉजिस्टला बदल किती पसरले आहेत हे तेव्हाच सांगता येतं. पाच तुकडे घ्यायला दोन मिनिटं जास्त लागतात, खर्च थोडा वाढतो. पण एवढा सायास करून माणूस आत आलेला असताना एक तुकडा घेऊन त्याला परत पाठवणं म्हणजे विहीर खणून पाणी न काढण्यासारखं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक रुग्णाला पाच तुकड्यांची गरज नसेल. चाळिशी ओलांडलेल्या, घरात हा कर्करोग असलेल्या किंवा अस्तर पातळ दिसणाऱ्या रुग्णात ती निश्चित आहे.

जंतूच्या उपचारावर सर्वात वजनदार आक्षेप अँटिबायोटिकचा आहे. निम्म्या लोकसंख्येत जंतू असेल तर निम्म्या लोकसंख्येला दोन आठवडे अँटिबायोटिक द्यायचं का? नाही, आणि म्हणूनच वर यादी दिली. औषधाला न जुमानणारे जंतू आपल्याकडे आधीच बळावले आहेत: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या अनेक शहरांच्या पाहणीत मेट्रोनिडॅझोलला जवळपास ७८ टक्के आणि क्लॅरिथ्रोमायसिनला ४५ टक्के नमुने दाद देत नव्हते. त्यामुळे जुन्या तीन औषधांच्या संचाऐवजी बिस्मथसह चार औषधांचा, चौदा दिवसांचा संच आता जगभर पहिला पर्याय म्हणून सुचवला जातो. गोळ्या भरपूर, तोंड कडू, शौच काळी (ही बिस्मथची काळी, रक्ताची नव्हे, हे आधी सांगावं). पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून संच सोडणारा माणूस स्वतःचा आणि गावाचा दोघांचा तोटा करतो, कारण त्याच्या पोटात आता औषधाला सरावलेला जंतू उरतो. खरं म्हणजे शिस्त नसलेलं अँटिबायोटिक आजही वाटलं जातंच, सर्दीला, जुलाबाला. ज्याचा पुरावा आहे त्या उपचाराला नाही म्हणायचं आणि ज्याचा नाही त्याला कोणी अडवायचं नाही, हा न्याय विचित्र आहे.

दुसरा आक्षेप असा की औषध घेऊन काय उपयोग, त्याच विहिरीचं पाणी पुन्हा प्यायचं आहे. मुलांच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे. प्रौढांत पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण मात्र कमी असतं. पुन्हा आला असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तो आधी गेलेलाच नसतो. म्हणून गोळ्या संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा श्वासाची किंवा शौचाची तपासणी हवी, आणि ती जवळजवळ कोणी करत नाही. तिसरा आक्षेप अमेरिकी शास्त्रज्ञ मार्टिन ब्लेझर यांच्यासारख्यांचा: हा जंतू हजारो वर्षं माणसाच्या पोटात आहे, त्याच्या जाण्याने दमा किंवा अन्ननलिकेच्या काही तक्रारी वाढत असतील. हा विचार फेटाळण्यासारखा नाही, म्हणूनच तक्रार नसलेल्या मुलांना शोधून शोधून औषध देऊ नये असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. पण वडिलांना जठराचा कर्करोग झालेल्या पस्तिशीच्या माणसाला हा युक्तिवाद ऐकवणं म्हणजे त्याच्या जिवावर तत्त्वज्ञान करणं होय.

सीमाभागात आरोग्याचा विषय निघाला की बोलणं लवकरच दुसरीकडे वळतं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं ठरवलं आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. योजना कोणाचीही असो, ती कामाला येते ती मुख्यतः मोठं आजारपण आल्यावर, शस्त्रक्रियेला, केमोथेरपीला. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. जठराची नाही, आणि भारताचे आकडे पाहता सरसकट असूही नये. पण जंतूची तपासणी आणि त्याचं औषध तालुका रुग्णालयात मिळावं, यासाठी कोणत्याही राज्याची हद्द बदलावी लागत नाही.

जंतूला साथ देणाऱ्या दोन गोष्टी या टापूत घरच्याच आहेत. एक मीठ: सुका बांगडा, सुकट, मिठात मुरवलेली लोणची रोजच्या जेवणात असतात, आणि फार खारवलेलं अन्न जठराचा कर्करोग वाढवतं असा पुरावा बऱ्यापैकी आहे. पावसाळ्यातलं सुकं कोणी सोडावं असं मी म्हणणार नाही. रोज तेच आणि वर लोणचं, एवढं तरी नको. दुसरी तंबाखू. निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ, १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं ते हेच निपाणी. ओढलेला तंबाखू फुप्फुसालाच नाही, जठरालाही कर्करोग करतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि जंतू असलेला माणूस विडीही ओढत असेल तर त्याचा धोका एकेरी राहत नाही.

तुमच्या घरात कोणाची दुर्बीण तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट आज कपाटातून काढा. त्यात तुकडे किती आणि कुठून घेतले, जंतू आहे की नाही, अॅट्रॉफी, मेटाप्लेझिया, डिसप्लेझिया यांतला कुठला शब्द आहे, हे पाहा आणि डॉक्टरांना पुढची तारीख विचारा. जंतूचं औषध घेतलं असेल तर चौदा दिवस पूर्ण करा, आणि ते संपल्यावर चार आठवड्यांनी, तपासणीआधीचे दोन आठवडे पित्ताची गोळी न घेता, पुन्हा तपासून घ्या. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणी या कर्करोगाने गेलं असेल तर पोट दुखण्याची वाट न पाहता तालुका रुग्णालयात जाऊन जंतूची तपासणी मागा. मागणारे चार लोक झाले की ती ठेवावी लागेल.